ऊन पाणी

होडीत तीन पेट्या. मधलीवर मी.
पेटीवर लिहिलेलं: उभी ठेवा, झोपवू नका.
सुखदेव नगरे वल्हं थांबवून म्हणाला,
"एवढं जपून काय नेताय, सोलापूरकर?"
म्हटलं, ऊन.
तो हसला तो पार काठ लागेपर्यंत.
"एप्रिलात? लगा, आमच्याकडनंच न्या की चार पोती."

उजनी भरली की वांगरमाळ बेट होतं,
ओसरली की चिखल.
चिखलात होडी चालत नाही, माणूसही नाही,
म्हणून भरल्या पाण्यातच सगळं उरकायचं.
वर वसतिगृह, उपकेंद्र, चावडीमागची न्हाणी,
तिन्हीकडं तांब्याचे बंब,
बंबाला काठावरची बाभूळ,
आणि बाभळीवर पाणकावळे, जेवढ्या उरल्या तेवढ्यांवर.

सरपंच हमीदा मुलाणी म्हणाल्या,
समजावून सांगा, पण वाढवून नको.
मी सांगितलं:
हे यंत्र ऊन तयार करत नाही.
हवेत असतं तेच गोळा करतं,
दाबतं, पिळतं, पाण्यात सोडतं.
दोन युनिट वीज घाला, सात युनिटांचं ऊन घ्या.
मागून कुणीतरी: "असलंच गणित पतसंस्थेनं बी सांगितलं हुतं."
सभा फुटली. मीही हसलो.

मग उगाच वडिलांचं निघालं.
रंगखान्यात बॉयलरपुढं एकतीस वर्षं.
चादरीचा लाल पक्का व्हायचा तर पाणी उकळतं लागतं,
आणि नरसिंगय्या बोद्धूलच्या भुवया
एकदा जळल्या त्या पुन्हा नीट आल्याच नाहीत.
घरी आम्ही तेलुगूत त्यांना चिडवायचो.
हे सांगायची काही गरज नव्हती.
ठराव झाला.

पाच दिवस नळ्या जोडल्या, झाळल्या, गॅस भरला.
पंखा सुरू झाला तसं यंत्राच्या पाठीतून
गार वारं सुटलं.
दुसऱ्या दिवशी पत्त्यांचा डाव तिथं सरकला,
तिसऱ्या दिवशी एक शेळी.
पटवेकर सरांनी भिंतीला भोक पाडून
ते वारं चौथीच्या वर्गात घेतलं.
एका पोरीनं विचारलं, "हवेतलं ऊन संपलं तर?"
म्हटलं, सोलापुरात?
वर्ग हसला. ती नाही हसली.
डिसेंबरातल्या पहाटेबद्दल मी बोललो नव्हतो,
तेव्हा यंत्र दमतं, वेळ घेतं,
हे तिला कसं कळलं कुणास ठाऊक.

उपकेंद्रातल्या गोजरबाई लोंढे
बावीस वर्षं बंब पेटवत आल्या.
यंत्राभोवती एक फेरी मारून म्हणाल्या,
"ह्याला तोंड कुठंय?"
बंब भंगारात द्यायला त्यांनी नकार दिला.
कागदावर कारण हवं होतं. लिहिलं: जड आहे.

जानेवारीत तपासणीला निघालो.
अर्ध्या पाण्यातून दिसलं,
उपकेंद्रावर धूर.
पोटात खड्डा पडला. कॉम्प्रेसर गेला म्हणायचा.
सुखदेवला म्हटलं, जोरात घे.
चढ धापा टाकत चढलो, दाब बघितला: बरोबर.
टाकीला हात लावला, झटकन मागं घेतला.
आत नवं बाळ गुंडाळलेलं, न्हाऊन झोपलेलं.
मागच्या दारी गोजरबाई
बंबात चार काटक्या सारत बसलेल्या.

"मशीन चालू हाय, घाबरू नका," म्हणाल्या.
"मागल्या महिन्यात जाधवाची सून मोकळी झाली.
पाणी ऊन, समदं बेस. पर कुणी आलंच नाही.
पहाटे धूर दिसला की बायका यायच्या,
कुणी तूप आणायची, कुणी नुसतंच बसायला.
आता धूरच नाही, तर गावाला कळावं कसं?"

फोन आहेत की सगळ्यांकडं, असं मी म्हणणार होतो.
खालच्या वाटेनं तिघी वर येत होत्या,
एकीच्या हातात झाकलेली वाटी.

कागद भरला.
पाणी पंचावन्न अंश. गळती नाही. आवाज नेहमीचा.
लाकूडवापर या रकान्यापाशी थोडा थांबलो,
मग लिहिलं: चार काटक्या.
कंपनीतून अजून कुणी विचारलेलं नाही.